विहिरीतले पिस्तूल

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात रघुजीराजे भोसले यांची तलवार लंडनहून मुंबईला आली, त्या दिवशी आमच्या शाळेच्या शिक्षककक्षात पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा पाया घालणारा, पैनगंगेपलीकडचे चांद्याचे गोंड राज्य घेणारा, बंगालपर्यंत घोडी नेणारा हा सेनासाहेबसुभा. त्याची तलवार महाराष्ट्र शासनाने लिलावात ४७ लाख १५ हजार रुपयांना सोडवून आणली, याचा आनंद सीमेअलीकडच्या मराठी माणसाला होणारच. तो मला झाला. परंतु पेढा संपल्यावर मी एक प्रश्न विचारला आणि बैठकीचा रंग गेला. विचारले, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजा-पणजाचे एखादे हत्यार आहे का हो?"

सात जण बसलो होतो. चौघांनी "होते" म्हटले. "आहे" असे एकानेही म्हटले नाही. एकाच्या घरची तलवार भंगारवाल्याने वजनावर नेली. दुसऱ्याच्या घरची पितळी मुठीची कट्यार आईने बोहारणीला देऊन स्टीलचे दोन डबे घेतले. डबे अजून आहेत म्हणे. तिसऱ्याच्या वडिलांनी ठासणीची बंदूक ठाण्यात जमा केली, पावती घेतली नाही, आणि पुढे विचारायला गेले तेव्हा अशी बंदूक कधी आलीच नाही असे उत्तर मिळाले. चौथा मी. माझी हकीकत थोडी लांब आहे, पण तिच्यावाचून माझे भांडण वाचकांना कळायचे नाही.

माझे आजोळ बोथ तालुक्यातले. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, मामांची मुले अजून तिथे नांदतात. खंडेनवमीला आजोबा देवघरापुढे पाट मांडत. त्यावर कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ आणि मधोमध एक पिस्तूल. मामीचे शिंगर मशीन पाटावर मावत नसे, म्हणून ते शेजारी. पिस्तूल कसले, सहा घरांची चक्री असलेले रिव्हॉल्वर ते. पण घरात त्याला पिस्तूलच म्हणत. चक्री गंजून घट्ट बसली होती, घोडा अर्धाच ओढला जाई, लाकडी मुठीचा एक कोपरा उडालेला होता. आजोबा त्याला तेलाचा हात लावत, हळदकुंकू वाहत, वर झेंडूचे फूल ठेवत. दुसऱ्या दिवशी आम्ही आपट्याची पाने घेऊन निघत असू, तेलुगू शेजारी जम्मीची. तोवर पिस्तूल फडक्यात बांधून पुन्हा कणगीत गेलेले असे.

इंग्रजी लिपी शिकलो त्या वर्षी मी त्याच्या पोलादावरची दोन अक्षरे मोठ्याने वाचली: यू आणि एस. जवळच काही आकडे होते. "म्हणजे अमेरिकेचं," असा निकाल गावच्या पोस्टमास्तरांनी दिला. ते आमच्याकडे आले कसे? आजोबा कधी सांगत, एका रोहिल्याने गहाण टाकले ते सोडवायला आलाच नाही. कधी सांगत, ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतलेल्या शिपायाने दोन पोती ज्वारीच्या बदल्यात दिले. मामा म्हणत, १९४८ च्या पोलीस अॅक्शनमध्ये रझाकार पळाले तेव्हा शेतात सापडले. अशक्य यातले काहीच नाही. त्या वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून निजामाला शस्त्रे पोचवत होता, हे तर प्रसिद्धच आहे. पण तिन्ही हकीकती एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि त्यातली एकही कुणी लिहून ठेवली नाही. आकडेही नाहीत.

२० एप्रिल १९८१ ला इंद्रवेल्लीत गोंडांवर गोळीबार झाला. त्यानंतरची वर्षे ज्यांनी या जिल्ह्यात काढली त्यांना अधिक सांगायला नको. रात्री झाडीतून अण्णा येत, दिवसा जीप येई. हत्यारात रस दोघांनाही होता. आजोबा तोवर गेले होते. एका रात्री मामांनी ते पिस्तूल फडक्यासकट मळ्यातल्या विहिरीत टाकले. मी सुट्टीला तिथेच होतो, बारा वर्षांचा असेन. पाण्याचा आवाज मी ऐकला असे मी पुष्कळ वर्षे लोकांना सांगत आलो. खरे म्हणजे मी झोपलो होतो. सकाळी मामीने सांगितले. हकीकती अशाच बनतात, म्हणून हेही नोंदवून ठेवतो.

मामांना दोष देण्याची माझी छाती नाही. त्यांच्या जागी मी असतो तर विहिरीपर्यंत जाण्याइतकेही धैर्य मला झाले नसते. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. टाकण्यापूर्वी घरातल्या एकाही शिकलेल्या माणसाला ते आकडे कागदावर उतरवून घ्यावेसे वाटले नाही. त्या घरात दोन मॅट्रिक होते, आणि चौथी-पाचवीपासून इंग्रजी वाचणारा मी होतो.

चाळीस वर्षांनी हा विषय पुन्हा उकरला गेला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. आमच्याच मराठी माध्यमातून दहावी झालेला, हैदराबादला इंजिनिअर होऊन आता टेक्सासात असलेला हा मुलगा जुनी अमेरिकन लष्करी पिस्तुले जमवतो. गावात त्याची चेष्टा चालते: बापाने कापूस विकून शिकवले आणि पोरगा तिकडे बंदुका गोळा करतो. मीही त्याला फोनवर चार शब्द सुनावले होते. तो म्हणाला, "सर, आलो की दाखवतो." आला तेव्हा पिस्तूल अर्थातच आणले नाही. आणली एक जाड वही आणि छायाचित्रांची जुडी.

"सर, आपल्या शाळेच्या ऑफिसात रेमिंग्टनचं मराठी टाइपरायटर होतं ना?" त्याने विचारले. होते. अजून आहे, कपाटावर. "आणि तुमच्या मामींचं शिंगर?" मग त्याने जे सांगितले ते मी पुढे पडताळून पाहिले, आणि ते खरे निघाले. अमेरिकन सैन्याने १९११ साली पंचेचाळीस व्यासाचे एक पिस्तूल स्वीकारले आणि ते १९८५ पर्यंत अधिकृतपणे वापरले. दुसऱ्या महायुद्धात बंदुकांचे कारखाने पुरेनात, तेव्हा ज्यांनी जन्मात पिस्तूल केले नव्हते अशांना काम दिले गेले. टंकलेखनयंत्रे करणाऱ्या रेमिंग्टन रँडने आठ लाखांवर पिस्तुले केली. रेल्वेचे सिग्नल करणाऱ्या एका कंपनीनेही केली. शिवणयंत्रांच्या सिंगर कंपनीने मात्र फक्त ५०० केली, आणि तिला दुसरे युद्धकाम दिले गेले. त्या पाचशेंचे क्रमांक एस ८००००१ ते एस ८००५०० असे ठाऊक आहेत. त्यांतले एखादे आज लिलावात आले तर लाख डॉलरांच्या वर बोली गेल्याची उदाहरणे आहेत. मामीच्या मशीनवरचे ते सोनेरी नाव पिस्तुलावरही होते, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो.

पण किमतीचे मला विशेष नाही. मला त्या वहीने धरून ठेवले. १८७३ साली अमेरिकन घोडदळाने कोल्ट कंपनीचे सहा घरांचे रिव्हॉल्वर घेतले. पुढल्या अठरा-एक वर्षांत सरकारने सुमारे ३७ हजार नग विकत घेतले. प्रत्येकावर यू.एस. अक्षरे, क्रमांक, आणि ज्या तपासनिसाने ते पारखून घेतले त्याची आद्याक्षरे. सुरुवातीच्या नगांवर ओ.डब्ल्यू.ए. असे दिसते; तो एन्सवर्थ नावाचा माणूस. त्याच्या अक्षरांचे मोल एवढे का? तर २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायेन लोकांनी कस्टरच्या तुकडीचा नाश केला, तेव्हा सैनिकांच्या कमरेला त्याच काळातली कोल्ट होती. म्हणून हे शौकीन भिंग घेऊन अक्षरे वाचतात, मुठीच्या लाकडावरचा ठसा पाहतात, सुट्या भागांवरचे क्रमांक एकमेकांशी जुळतात का ते तपासतात. खोटे यू.एस. ठोकून विकणारे ठगही आहेत, आणि त्या ठगांना पकडणारी पुस्तकेही आहेत. कारखान्याचे जेवढे दप्तर शिल्लक आहे तेवढ्यावरून कोणता नग कोणत्या तारखेला कुणाकडे रवाना झाला याचे पत्र फी भरून मिळते. सगळ्यांत आधीची सरकारी पिस्तुले १७९९ च्या करारातली, सिमियन नॉर्थ नावाच्या कारागिराला दिलेली, पाचशे. आपल्याकडे तेव्हा नाना फडणीस हयात होते. त्यांच्या दप्तरातली अक्षर न् अक्षर नोंद करण्याची सवय पुढे आपण कुठे घालवली?

विद्यार्थ्याने विचारले, "सर, तुमच्या आजोबांच्या पिस्तुलाचा नंबर आठवतो? सुरुवातीचे दोन आकडे तरी?"

आठवत नाहीत. यू आणि एस आठवतात, पण सरहद्दीकडच्या दर्रा गावात परदेशी पिस्तुलांच्या हुबेहूब नकला ठशांसकट घडतात, तेव्हा तेवढ्यावर काहीच ठरत नाही. ते कस्टरच्या काळातले होते की एखाद्या लोहाराची नक्कल, हे आता देवालाही सांगता येणार नाही.

इथे माझे मित्र मला अडवतात. मुख्याध्यापकाने हत्यारांचे गोडवे गावेत का? प्रश्न रास्त आहे. ज्या टेक्सासात माझा विद्यार्थी राहतो तिथेच युवाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत २४ मे २०२२ ला एका तरुणाने १९ मुले आणि दोन शिक्षिका ठार केल्या. त्या बातमीनंतर मी आठवडाभर शाळेच्या फाटकाकडे वेगळ्या नजरेने पाहत होतो. बंदूक बाजारात भाजीसारखी मिळणे हे त्या देशाचे दुखणे आहे, आणि ते आपल्याकडे येऊ नये असेच मी म्हणेन. आपला शस्त्र कायदा कडक आहे, २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, हे चांगलेच झाले. मी मागतो आहे ती वही. आणि ती वही काही शौर्यगाथा नाही, हेही लक्षात घ्या. पंचेचाळीस व्यासाचे ते पिस्तूल निघालेच मुळी फिलिपिन्समध्ये अमेरिकनांशी लढणाऱ्या मोरो लोकांना छोट्या गोळीने थोपवता येईना म्हणून. हे त्यांच्याच पुस्तकांत छापलेले आहे. ज्याची लाज वाटावी तेही तिथे क्रमांकासह सापडते.

आता आपल्याकडे पाहा. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली. केवढा जल्लोष! आणि केवढे भांडण! ती महाराजांनी अफझलखानाच्या भेटीत वापरलेलीच का, याची खात्री ते संग्रहालय स्वतः देत नाही. साताऱ्याला रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या नावाशी जोडलेला, पेटीवरचा मजकूर काय तो आधार. मधल्या दीडशे वर्षांत वाघनखे कुठे होती, कुणाच्या हातात होती, याचा एक मराठी कागद पुढे आला असता तर हे भांडण झालेच नसते. उलट रघुजीराजांच्या तलवारीचे पाते युरोपात घडलेले असूनही तिच्याबद्दल कुणाला वाद घालता आला नाही. का? तर पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव आणि पद कोरलेले आहे. ४७ लाखांतले निम्मे तरी मोल त्या अक्षरांचे आहे, असे मी म्हणतो. शिक्षककक्षात हे बोललो तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने मला "सर, तुम्ही प्रत्येक गोष्टीत मीठ टाकता" असे ऐकवले. टाकतो.

आणखी जवळ या. निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम आपल्यापासून किती लांब? तिथले पोलाद विकत घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहत. ज्या दमास्कस तलवारींची जगभर ख्याती, त्यांना लागणारे पोलाद या गोदाकाठच्या भट्ट्यांतून जाई. हे आपल्याला कसे कळले? हेन्री व्हॉयसे नावाच्या इंग्रज डॉक्टरने तिथे जाऊन भट्टी कशी भरतात, किती वेळ फुंकतात ते लिहिले आणि १८३२ साली ते छापले गेले, म्हणून. आपल्या गोंड बांधवांचे जीवन हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन माणसाने मार्लवाईत राहून लिहिले, म्हणून जगाला कळले. जोडेघाटला १९४० साली कुमरम भीम पडले. त्यांची तिथी गोंड लोक आश्विन पौर्णिमेला पाळतात, पण इंग्रजी तारीख विचाराल तर तीन पुस्तकांत तीन सापडतील. ज्यांना आपण अडाणी म्हणत आलो त्यांनी निदान पौर्णिमा तरी धरून ठेवली. आम्ही एम.ए. झालेल्यांनी काय धरले?

आपण सीमेवरची माणसे. खरे तर कागदाची किंमत आपल्याइतकी कुणालाच ठाऊक नसावी. १९५६ च्या प्रांतरचनेत किनवट आणि राजुरा तिकडे गेले, मुधोळ इकडे आले. एका घरातले दोन भाऊ दोन राज्यांत पडले. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांना अजून दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आहेत. पहाणीत बापाचे नाव एका अक्षराने चुकले तर आपण हैदराबादपर्यंत चकरा मारतो. आणि त्याच घरातल्या माळ्यावर पणजाचे मोडीतले बाड वाळवी खाते, कारण मोडी कुणाला येत नाही. निजामी दप्तर उर्दूत, ते कुणाला येत नाही. शेजाऱ्याकडचे तेलुगू कागद वाचायचे तर मुले वाचतात, पण त्यांना कोणी विचारत नाही. तीन लिप्यांच्या मध्ये बसून आपण निरक्षर झालो आहोत, आणि वर भाषणात म्हणतो की आम्ही संस्कृतीचे पहारेकरी.

कायद्याची भीती, असे काही जण म्हणतील. मामांना ती होती, आणि त्या वर्षांत ती खोटी नव्हती. पण निदान आता तरी समजून घ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात, कालबाह्य बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडके हत्यार दुरुस्त करूनही चालवता येण्यासारखे नसेल तर त्याला या कायद्यातून सूट आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेली वस्तू पुरावस्तू ठरते, आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांच्या पिस्तुलाला ती सूट मिळाली असती की नाही हे एखाद्या जाणकाराने पाहून ठरवायचे होते; तालुक्यात तसा जाणकार नव्हता आणि कायद्याचे पुस्तक कुणी उघडले नव्हते. चालू शकणारे हत्यार विनापरवाना लपवून ठेवा असे मी कुणालाही सांगणार नाही. तो गुन्हा आहे. ते रीतसर जमा करा. मात्र जमा करण्यापूर्वी चार बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक आकडा उतरवून घ्या, आणि पावती हातात पडल्याशिवाय पायरी उतरू नका.

यंदा शाळेत मी एक रजिस्टर सुरू केले आहे. आठवी ते दहावीच्या मुलांनी घरातली एक जुनी वस्तू निवडायची. हत्यारच हवे असे नाही. अडकित्ता, मापटे, शिवणयंत्र, घड्याळ, काहीही. लांबी-रुंदी, त्यावरची अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे, वस्तू घरात कशी आली याची हकीकत, आणि ती कुणी सांगितली त्याचे नाव. दोन माणसांनी दोन हकीकती सांगितल्या तर दोन्ही लिहायच्या, खरी कोणती ते मुलाने ठरवायचे नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे आणि अडकित्ते जमवले, त्यांचे संग्रहालय झाले. आमच्याकडे संग्रहालय व्हायचे नाही, वस्तू ज्याच्या त्याच्या घरीच राहतील. रजिस्टर साठ रुपयांचे आहे.

पालकांची तक्रार आलीच. एक गृहस्थ म्हणाले, "सर, घरात काय काय आहे ते शाळेत कशाला लिहून द्यायचं? उद्या कुणाच्या हाती लागलं तर?" मामांचाच आवाज. त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन घराचा पत्ता न लिहिण्याचा नियम केला, फक्त गावाचे नाव. दुसरे एक जण म्हणाले, दहावीच्या निकालात याचे किती गुण? एकही नाही, म्हटले. आतापर्यंत ६३ नोंदी झाल्या आहेत. त्यांत तीन शिवणयंत्रे शिंगरची, क्रमांकासह.

पहिली नोंद मी स्वतः केली आहे. वस्तू: सहा घरांचे पिस्तूल. लांबी: वीतभराहून थोडी अधिक, आठवणीने. अक्षरे: यू.एस. क्रमांक: उतरवून घेतला नाही. कसे आले: तीन हकीकती, तिन्ही खाली दिल्या आहेत. सध्या कुठे: मळ्यातल्या विहिरीत. बोअर झाल्यावर मामेभावाने २००९ साली ती विहीर मुरूम टाकून बुजवली. त्यावर आता सोयाबीन आहे.